बिअरच्या भांड्याला कॉम्प्युटरची वायर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात पर्वरी, ताळगाव, म्हापसा भागातल्या फ्लॅटांत घरच्या घरी बिअर करण्याची हौस वाढते आहे. पूर्वी ही मंडळी गॅसवर माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) पाणी उकळायची. आता स्टीलच्या मोठ्या भांड्याला विजेचं एलिमेंट बसवतात. परवाना आणि अबकारी हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. मी डिचोलीचा वायरमन. मला लिहायचं आहे ते भांडं आणि भिंत यांच्यामधल्या जोडणीबद्दल. भांडं, थर्मामीटर, कंट्रोलर यांवर हौसेने पैसे घालणारे लोक प्लगच्या बाबतीत मात्र घरात जे पडलेलं असेल ते लावतात.

3 किलोवॉटचं एलिमेंट 230 व्होल्टला 13 अँपिअर ओढतं. कॉम्प्युटरला येते ती काळी वायर प्रत्येक घरात एखादी पडून असते. तिचं भांड्याकडचं टोक 10 अँपिअरचं असतं, तेही पिनेची गरमी 70 अंशांपर्यंत राहील या हिशोबाने बनवलेलं. तसंच दिसणारं, पण खाच असलेलं दुसरं एक टोक मिळतं. ते 120 अंश सोसतं, पण अँपिअर तेवढेच, 10. म्हणजे 2 किलोवॉटच्या पुढे दोन्ही निरुपयोगी. शिवाय माल्ट तास-दीड तास सलग उकळावं लागतं, आणि तेवढा वेळ जोडणीला उसंत नसते.

अशाच एका घरी मी पॉवर पॉइंट उघडला. न्यूट्रलच्या बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन पितळी पट्टीला चिकटलं होतं. स्क्रूखालच्या वायरचं आवरण बोटभर कडक झालं होतं, वाकवलं की तुकडे पडत होते. घरमालकाचा प्रश्न एकच: एमसीबी का पडला नाही? तो पडणारच नव्हता. एमसीबी जास्त करंटला पडतो, आणि ढिल्या जोडणीत करंट वाढत नाही, फक्त गरमी वाढते. पिन आणि पट्टी यांच्यामध्ये दशांश एक ओहम अडथळा आला तरी 13 अँपिअरला तिथे सुमारे 17 वॉट जळतात. लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळपासची ही गरमी नखाएवढ्या जागेत, तीही बंद डबीत. त्यात आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पितळ हिरवं पडतं, पट्टीची पकड जाते.

म्हणून दोन वस्तूंना मी घरात पाय ठेवू देत नाही. एक, कुठलीही पिन घेणारा युनिव्हर्सल सॉकेट. तो सगळ्या पिना घेतो, घट्ट मात्र एकही धरत नाही. दुसरी, 16 अँपिअरचा प्लग 6 च्या सॉकेटात घालायचा कन्व्हर्टर. तो अजून काउंटरवर उघड विकला जातो याचा मला खरोखर राग येतो.

मग घ्यायचं काय? इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट. 230 व्होल्टचा रंग निळा, तीन गोल पिना, त्यात अर्थिंगची जाड. 16 अँपिअरचा संच 3 किलोवॉटपर्यंत निवांत चालतो. पिना खोल बसतात, झाकण असतं, आणि आयपी 44 चा (पाणी-धूळ रोखण्याचा हा दर्जा) असेल तर शिंतोड्यांनाही दाद देत नाही. चांगल्या कंपनीचा पूर्ण संचसुद्धा माल्टच्या एका गोणीपेक्षा स्वस्त पडतो. काहीजण व्हिडिओ बघून अमेरिकेचं 5500 वॉटचं एलिमेंट मागवतात. ते 240 व्होल्टसाठी असतं, आपल्याकडे सुमारे 22 अँपिअर घेतं. त्याला 32 अँपिअरचाच संच, चार चौरस एमएमची वायर आणि 25 अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी लागतो. त्याआधी वीज खात्याकडे आपला मंजूर भार किती आहे तेही बघावं. अमेरिकेतला पिळून बसणारा प्लग चांगलाच आहे, पण तुटला तर बदली म्हापशाच्या बाजारात मिळायची नाही. साउंडवाल्यांकडचा निळा पॉवरकॉन (फिरवून लॉक होणारा विजेचा प्लग) 20 अँपिअरचा असतो आणि आपल्या 3 किलोवॉटच्या एलिमेंटला चालतो. मात्र जुन्या पद्धतीचा पॉवरकॉन चालू लोडवर काढायचा नसतो. आधी स्विच बंद, मग प्लग.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. भांड्यावर पिना असाव्यात आणि केबलच्या टोकाला भोकं. भिंतीकडून येणाऱ्या, वीज असलेल्या टोकाला कधीही उघड्या पिना नकोत. भांड्यावर चुकून सॉकेट बसवलं म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना पिना लावलेल्या मी पाहिल्या आहेत. ओल्या हाताने ती केबल उचलणारा माणूस वाचेल याची खात्री कुणीही देऊ नये. भांडं स्टीलचं, आतलं पाणी वीज वाहून नेणारं. तेव्हा भांड्याच्या अंगाला अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात आधी ते करून घ्यावं, बिअर नंतर.

फोंडा, मडगाव, म्हापसा इथल्या इलेक्ट्रिकल दुकानदारांना माझी विनंती आहे की निळा 16 अँपिअरचा संच फक्त कारखान्यांच्या ऑर्डरसाठी न ठेवता काउंटरवर दिसेल असा ठेवावा. गिऱ्हाईक मोठ्या एलिमेंटसाठी कन्व्हर्टर मागू लागलं तर आधी किती वॉट ते विचारावं. घरी करणाऱ्यांनी पहिल्या उकळीनंतर स्विच बंद करून प्लगला हात लावून बघावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तो प्लग आणि सॉकेट दोन्ही त्याच दिवशी बदलावेत, नुसता प्लग बदलून भागत नाही.

आपला,
एक वायरमन, डिचोली