रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून

प्रिय मंद्या,

तुझ्या मेन कून जातीच्या बोक्याचा, हार्टची भिंत जाड होण्याच्या आजाराच्या जीनचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तू लगेच त्याला मादी शोधायला निघालास! तुझ्या आनंदावर विरजण घालणं जिवावर येतंय, पण जरा थांब.

आमच्या बंड्याचं तुला अर्धंच माहीत आहे. त्याचाही रिपोर्ट निगेटिव्हच होता. विकणाऱ्याने कागद हातात दिला, ‘हार्टचं टेन्शन नाही’ म्हणाला, मी तो फाइलला लावला आणि निर्धास्त झालो. दर वर्षी लस द्यायला न्यायचो तेव्हा डॉक्टर स्टेथोस्कोप लावायचे, कधी काही ऐकू आलं नाही. पाचव्या वर्षी एका पहाटे तो असा ओरडला की मी धडपडत उठलो. मागचे दोन्ही पाय फरफटवत माझ्याकडे सरकत येत होता. पंजे हातात घेतले तर गार. एरवी गुलाबी असणाऱ्या गाद्या निळसर पडलेल्या. हृदयात रक्ताची गुठळी झाली होती आणि ती सुटून, महाधमनी मागच्या पायांकडे फुटते तिथे जाऊन अडकली होती. टूडी इकोत डाव्या कप्प्याची भिंत 8 मिलिमीटर भरली. 6 च्या पुढे जाड धरतात. वेदना थांबेनात, तेव्हा संध्याकाळी त्याला झोपवायच्या कागदावर मीच सही केली.

मग तो रिपोर्ट खोटा होता का? नाही रे, खराच होता. मीच तो नीट वाचला नव्हता. 2005 साली मेन कूनमध्ये एमवायबीपीसी3 या जीनमधला एक बदल सापडला, 2007 मध्ये रॅगडॉल या दुसऱ्या जातीत त्याच जीनमधला दुसरा. (याच जीनमधल्या बिघाडांनी माणसांचंही हृदय असंच जाड होतं.) टेस्ट फक्त तेवढा एक बदल शोधते. जाड पुस्तकातली एक ओळ तपासून सगळं पुस्तक शुद्ध आहे म्हणण्यासारखंच ते. हा आजार तर साध्या, बिनजातीच्या मांजरांनाही होतो, आणि त्यांच्यात हे दोन बदल सहसा नसतात.

उलट बाजूही ऐक. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. तू ज्या मादीला ‘एक कॉपी पॉझिटिव्ह’ म्हणून नाही म्हणालास, ती कदाचित जन्मभर ठणठणीत राहील. खरा धोका दोन्ही कॉप्यांत बदल असणाऱ्यांना. मेन कूनमध्ये साधारण तीनात एकाकडे हा बदल असतो. सगळ्यांना बाद केलंस तर उरलेली आपसातच जुळवावी लागतील आणि दुसरे आजार डोकं वर काढतील. इको चांगला असेल तर अशी मादी निगेटिव्ह बोक्याला चालते. सरासरी निम्मी पिल्लं स्वच्छ निघतात, पुढच्या पिढीसाठी त्यांतली ठेवायची.

म्हणून आधी बोक्याचा इको कर, हृदयाचं काम करणाऱ्या व्हेटकडूनच. आणि ब्रीडिंग चालू असेपर्यंत दर वर्षी. एकदाचा चांगला इको पुढच्या वर्षाची हमी देत नाही, हा आजार वयाबरोबर उघडा पडतो.

तोवर एक कर. तो गाढ झोपला की घड्याळ लावून मिनिटभर छाती किती वेळा वर येते ते मोज. वारंवार 30 च्या वर जात असेल तर लगेच व्हेटला फोन कर. बंड्याचे मी कधी मोजलेच नाहीत.

आज रात्रीचा आकडा कळव.

तुझा,
बाळ्या