रुमालांना खुर्च्या, आईला स्टूल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दिवाळी पहाटच्या कार्यक्रमातील बैठक व्यवस्थेबाबत तक्रार

महोदय,

नरक चतुर्दशीला कोथरूडच्या मैदानावर झालेल्या तुमच्या दिवाळी पहाटची प्रत्येकी 400 रुपयांची तीन तिकिटे मी घेतली होती. तिकिटावर छापले आहे : ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. प्रवेश पहाटे 4.45 पासून.’ आई 82 वर्षांची. तीनला उठून, अभ्यंगस्नान उरकून आम्ही 4.20 ला फाटकाशी हजर. रांगेत आमच्या पुढे जेमतेम दहा माणसे.

आत गेलो तर पहिल्या चार रांगा भरलेल्या. माणसे नव्हतीच. रुमाल, ओढण्या, चष्म्याचे घर, आणि एका खुर्चीवर नुसता दिवाळी अंक (तोही न उघडलेला). तिसऱ्या रांगेतला कडेचा रुमाल मी उचलून पाहिला. दवाने दमट झालेला. खुर्ची सगळी ओली, फक्त रुमालाखालचा चौकोन कोरडा. म्हणजे हे महाशय रात्रभर तिथेच मुक्कामाला होते. तुमच्या स्वयंसेवकाला विचारले, फाटक आत्ता उघडलंत, मग हे आत आले कधी? तो म्हणाला, “काका, काल खुर्च्या लावतानाच ठेवून गेलेत ते लोक. सणाचा दिवस आहे, जाऊ द्या ना.” आणि आईला स्पीकरशेजारी बिनपाठीचे स्टूल आणून दिले.

जागा धरण्याला माझा विरोध नाही. स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझी उभी तरुणाई गेली. पण तिथे रुमालापाठोपाठ माणूसही दारातून घुसत असे. सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालू आहे. तिथल्या भारतीय बैठकीत शेजाऱ्याला “जरा लक्ष ठेवा हं” म्हणून चहाला उठता येते, कारण उठणारा आधी तिथे येऊन बसलेला असतो. शेजारीही खुशीने सतरंजी सांभाळतो. घरी झोपलेल्या माणसाची खुर्ची सांभाळायला मात्र तुम्ही पगारी माणूस ठेवलात.

त्यातले बरेचसे लोक सव्वासहाला आले. भैरव संपून गेला होता. कडेच्या दोन खुर्च्यांवर तर शेवटपर्यंत कोणीच आले नाही. मी दोनदा विनंती केली, स्वयंसेवकाने दोन्ही वेळा “येतीलच” म्हटले. आई अडीच तास गुडघे चोळत स्टुलावर बसून होती.

पुढच्या वर्षी खुर्च्यांना क्रमांक द्या आणि तेच तिकिटावर छापा. बालगंधर्व रंगमंदिरात क्रमांकाच्या तिकिटावर नाटके बघत आलो, तिथे रुमाल खिशातच राहतो. ते जमणार नसेल, तर कार्यक्रम सुरू होताच रिकाम्या खुर्च्या मोकळ्या केल्या जातील असा फलक फाटकावर लावा आणि तसे करा.

गाणे ऐकले आहे, तेव्हा माझे आणि पत्नीचे पैसे मागत नाही. आईच्या तिकिटाचे 400 रुपये परत करावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन.

आपला,
एक तिकीटधारक, कोथरूड

ता. क. : कडेच्या खुर्चीवरचा निळ्या चौकटींचा रुमाल कोणीच न नेल्याने मी घरी आणला आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. मालकाने ओळख पटवून न्यावा. वेळ सकाळी 10 ते 12. उशिरा आल्यास मिळणार नाही.