लिनक्सवर माझा गेम चालू करून देणाऱ्या दादांना, मनापासून थँक्यू

नमस्कार दादा,

हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्हाला एकटं गाठून थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवता, आणि मला तो इतक्यात संपवायचा नाहीये. शिवाय तुमच्या कामाचा फायदा ज्यांना झालाय त्यातल्या बहुतेकांना तुम्ही कोण हेच माहीत नाही. त्यांनी गेम इन्स्टॉल केला, प्ले दाबलं, चालला, झालं. त्यांच्या वतीनेही हे पत्र समजा.

माझा प्रॉब्लेम असा होता की विंडोजसाठी बनलेला माझा गेम लिनक्सवर सुरू व्हायचा, मेनू नीट, आवाज नीट, फ्रेम रेट पण मस्त, आणि कथेतला पहिला व्हिडिओ आला की त्याच्या जागी जुन्या टीव्हीवर कार्यक्रम नसताना दिसायच्या तशा रंगीत उभ्या पट्ट्या यायच्या, आणि त्या गेल्या की काळी स्क्रीन, मागे म्युझिक चालूच, पण पुढे काही म्हणजे काही होत नाही. जिथे विचारावं तिथे ठरलेली उत्तरं, ड्रायव्हर अपडेट कर, डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा प्रकारच बदल, नाहीतर सरळ विंडोज टाक आणि मोकळी हो. तुम्ही एकट्याने विचारलंत, "लॉग आहे का?"

लॉग म्हणजे गेम चालताना काय काय घडलं त्याची नोंदवही, इथपासून तुम्हाला सांगावं लागलं आणि तुम्ही सांगितलंत, न वैतागता. स्टीममध्ये, म्हणजे जिथून गेम विकत घेतो आणि चालवतो त्या वाल्व कंपनीच्या ॲपमध्ये, गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये कुठली ओळ टाकायची, मग होम फोल्डरमध्ये गेमच्या नंबरची फाइल कशी तयार होते, आणि त्या हजारो ओळींमधल्या कुठल्या दुर्लक्ष करायच्या. हे शेवटचं कुणीच सांगत नाही हो, लाल अक्षरात एरर दिसला की माणूस घाबरतो आणि तो निघतो बिनमहत्त्वाचा!

त्यातून कळलं की माझ्याकडे एक नाही, दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. पट्ट्यांचं कारण लायसन्सचं. गेममधले बरेच व्हिडिओ अशा फॉरमॅटमध्ये असतात की त्यांचा डिकोडर, म्हणजे ते उलगडून दाखवणारा कोड, प्रोटॉनसोबत (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं वाल्वचं सॉफ्टवेअर) सरळ वाटता येत नाही, म्हणून वाल्व ते व्हिडिओ स्वतःकडे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून शेडर कॅशच्या (ग्राफिक्ससाठी आधीच तयार करून ठेवलेल्या फाइल्सच्या) डाउनलोडसोबत पाठवतं, आणि बदललेला व्हिडिओ आलेला नसेल तर त्या जागी या पट्ट्या दाखवल्या जातात. म्हणजे पट्ट्या हा बिघाड नव्हताच. खरा बिघाड काळ्या स्क्रीनचा होता, कारण तोच गेम जुन्या प्रोटॉनवर त्या जागेच्या पुढे जात होता. प्रोटॉन ज्यावर उभा आहे त्या वाइनमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅमच्या मागण्या लिनक्सच्या भाषेत बदलून देणाऱ्या प्रोजेक्टमध्ये, मधल्या काळात काहीतरी बदललं होतं.

मग तुम्ही मला बायसेक्ट शिकवलंत आणि त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. चालणारं व्हर्जन एका टोकाला, न चालणारं दुसऱ्या, बरोबर मधला बदल घ्यायचा, बिल्ड करायचा म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, गेम त्या व्हिडिओपर्यंत न्यायचा, चालला की नाही ते सांगायचं, परत उरलेल्यातला मधला. मधे हजार बदल असले तरी साधारण दहा बिल्डमध्ये नेमका एक सापडतो. वाइनचा एकेक बिल्ड व्हायला माझ्या मशीनवर बराच वेळ लागायचा आणि तुम्ही मधेच विचारायचात, "कुठवर आलं?" त्या एका प्रश्नाने मी सोडून दिलं नाही.

सापडलं ते इतकं छोटं होतं की मला खरं वाटेना. व्हिडिओ संपला की विंडोज गेमला "संपला" असा इव्हेंट पाठवतं, आणि आमचा गेम त्या इव्हेंटची वाट बघत बसला होता जो एका ठराविक परिस्थितीत येतच नव्हता. बस एवढंच.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुम्ही त्याच दिवशी मला पॅच (दुरुस्ती) लावलेला बिल्ड पाठवून मोकळे झाला असतात तरी माझं काम भागलं असतं, मी खूश, गोष्ट संपली. तुम्ही ते केलंच, पण तिथे थांबला नाहीत, तो फिक्स मूळ वाइनमध्ये जायलाच हवा म्हणून मागे लागलात. आणि वाइनमध्ये काही घालणं म्हणजे "माझ्याकडे चालतंय" म्हणून भागत नाही. विंडोजचा सोर्स कोड पाहिलेल्या माणसाला तिथे कोड देता येत नाही, त्यामुळे विंडोज नक्की कसं वागतं हे बाहेरूनच विचारून शोधावं लागतं, त्यासाठी छोट्या टेस्ट लिहायच्या, त्या खऱ्या विंडोजवर चालवायच्या, जे उत्तर येईल तसंच वाइनला वागायला लावायचं. तुम्ही ती टेस्ट लिहिलीत, रिव्ह्यूमध्ये बदल सांगितले गेले ते केलेत, परत पाठवलीत, परत बदल, आणि शेवटी ते आत गेलं. हे सगळं अशा गेमसाठी जो तुम्ही स्वतः खेळतही नाही.

तेव्हापासून मी या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने बघते. वाइन १९९३ मध्ये सुरू झालं आणि त्याचं १.० व्हर्जन आलं २००८ मध्ये, पंधरा वर्षांनी! अलेक्झांड्र ज्युलियार्ड १९९४ पासून तो प्रोजेक्ट सांभाळतायत. फिलिप रेबोले यांना निअर ऑटोमाटा हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता, त्यासाठी त्यांनी डायरेक्टएक्स ११ (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) चे कॉल्स लिनक्सवर चालणाऱ्या वल्कन या ग्राफिक्स पद्धतीमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाल्वने प्रोटॉन आणला तेव्हा त्यात वाइनच्या जोडीला हेच होतं. वाल्वचा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर स्टीम डेक २०२२ मध्ये आला त्याच्या पोटातही हेच. एका माणसाच्या एका गेमसाठी केलेलं काम मोकळं सोडलं की कुठवर जातं बघा, आणि तुम्ही त्याच जातीचे आहात असं मी म्हटलं तर लाजू नका.

मी एकदा तुमच्याशी वाद घातला होता की हे भाषांतर कशाला, कंपन्यांनी खास लिनक्ससाठी गेम काढावेत ना. तुम्ही लोकीची गोष्ट सांगितलीत, १९९८ मध्ये हीच कल्पना घेऊन सुरू झालेली कंपनी, चांगले चांगले गेम लिनक्सवर आणले आणि २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. पण तिथे काम केलेल्या सॅम लँटिंगा यांनी बनवलेली एसडीएल लायब्ररी (गेमला विंडो, आवाज, कंट्रोलर वगैरे हाताळून देणारा तयार कोड) आजही असंख्य गेम्स वापरतात. आणि मी स्वतः बघितलंय की जुना लिनक्स पोर्ट, म्हणजे खास लिनक्ससाठी काढलेलं व्हर्जन, नव्या सिस्टिमवर सुरूच होत नाही, एखादी लायब्ररी सापडत नाही, आणि त्याच गेमचं विंडोज व्हर्जन प्रोटॉनमधून पहिल्या फटक्यात चालतं. तुमचं म्हणणं पटलं. ज्या कंपन्या आजही पोर्ट काढून तो नीट सांभाळतात त्यांचं मात्र कौतुक आहेच.

आणखी एका गोष्टीसाठी थँक्यू, तुम्ही कधी खोटी आशा लावली नाहीत. मैत्रिणी खेळतात तो ऑनलाइन गेम चालेल का विचारलं तर सरळ नाही म्हणालात, अँटीचीट आहे, म्हणजे खेळात फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, आणि मग नीट समजावलंत की त्यातले इझी अँटीचीट आणि बॅटलआय दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात पण ते चालू करायचं की नाही हे गेम बनवणाऱ्यांच्या हातात, आणि काहींचं अँटीचीट विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, बसतं, तिथे वाइन काहीच करू शकत नाही. वाईट वाटलं, पण "हे करून बघ, ते करून बघ" यात माझा वीकेंड गेला नाही.

आता माझ्याकडून. तुम्ही म्हणाला होतात की लिनक्सच्या ६.१४ कर्नलमध्ये एनटीसिंक आलंय, थ्रेड्सनी (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकमेकांची वाट बघायची विंडोजची जी पद्धत आहे ती आता कर्नलच सांभाळतो, त्यावर जुने गेम्स तपासायला माणसं हवीत. मी सुरुवात केलीय. माझ्या लायब्ररीतले तीन-चार जुने, धड कुणी हात न लावलेले गेम घेतलेत, एकात सेव्ह लोड करताना अडकतंय असं दिसतंय, पण एनटीसिंक बंद करूनही अडकतं की नाही ते आधी बघते. लॉग वेगवेगळे काढून ठेवतेय, बिनकामाच्या ओळी गाळून पाठवते. पुढच्या बायसेक्टला तुम्ही फक्त "कुठवर आलं" विचारा, बाकी मी करते.

तुमची,
काळ्या स्क्रीनवाली