सुन्या, काका डबा काढून टाकायचं म्हणालेत

बेळगाव,
गणपती झाल्यावरचा रविवार

प्रिय सुन्या,

एवढं लांबलचक पत्र बघून दचकू नको, घरी सगळे बरे आहेत. आईची शुगर आहे तशीच आहे, माझी पाठ आता ठीक आहे. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हं, फोनवर तू मध्येच "लिनक्स टाक की मर्दा" म्हणतोस आणि मग आपण दोघं अर्धा तास भांडतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून लिहालोय. शेवटपर्यंत वाच.

तुझ्या काकांनी कारखान्यातला आपला फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवर काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणारा, फ्रीबीएसडी ह्या फुकटच्या खुल्या सिस्टिमवर चालणारा डबा, काढून टाकायचं ठरवलंय. म्हणजे अजून पक्कं नाही, दसऱ्याच्या सुमारास बोलू म्हणालेत, पण एक कोट घालून आलेला माणूस कोटेशन ठेवून गेलाय. सील केलेला डबा, दर वर्षी रिन्यूअल, आत काय चाललंय ते आपण बघायचं नाही. कारखान्यातला मोन्या तर आधीपासून त्याच बाजूचा. आणि हे सगळं कशावरून, तर अडीच गिगाबिट वेगाच्या एका नेटवर्क चिपच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे ती चिप सिस्टिमला चालवता यावी म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरवरून.

नीट सांगतो. तुला माहितीय, फायरवॉल म्हणून आपला जुना पीसी किती वर्षं चालला ते. क्याड रूम, मशीन शॉप आणि अकाउंट्स वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं, मध्ये आपला फायरवॉल, म्हणजे क्याडवाल्या पोरांनी सर्व्हरवरची मोठी असेंब्ली उघडली की ते सगळं ट्रॅफिक त्या डब्यातूनच जाणार. एक गिगाला सेकंदाला एकशे दहा मेगाबाइटच्या आसपास येऊन थांबायचं आणि दोघांनी एकदम उघडलं की तेही अर्धं. सर्व्हरला अडीच गिगाचा पोर्ट, नव्या स्विचला अडीच गिगाचा पोर्ट, आणि केबल तीच जुनी क्याट फाइव्ह ई जी आपण दोघांनी पत्र्याखालनं ओढली. ते ८०२.३ बीझेड हे इथरनेटचं स्टँडर्ड २०१६ ला आलं ते ह्याचसाठी की लोकांच्या भिंतीतली केबल न काढता शंभर मीटरपर्यंत अडीच गिगा मिळावं. दहा गिगाचंच तंत्र, पावपट वेगानं चालवलेलं. काकांना केबल बदलायची नाही हे ऐकून किती आनंद झाला म्हणून सांगू, मला बसवून कुंदा खायला घातला.

तर मोन्यानं ऑनलाइन एक छोटा डबा मागवला, चार पोर्ट अडीच गिगाचे, पंखा नाही, जाहिरातीत इंटेल म्हणून लिहिलेलं. विकणाऱ्याचं नाव विचारू नको, ते आता तिथं दिसतही नाही. इन्स्टॉलर चालू केला तर एकही इंटरफेस नाही. पीसीआयकॉन्फ मारलं, आत कुठली कार्डं आहेत ते दाखवणारी कमांड, आणि बघतोय तर नन झिरो, नन वन, नन टू, नन थ्री, म्हणजे चारींना ड्रायव्हरच नाही. व्हेंडर १०ईसी, डिव्हाइस ८१२५. रिअलटेकचं आरटीएल ८१२५. कार्ड समोर आहे, दिवे लागालेत, पण सिस्टिमला ते काय आहे तेच कळत नाही. फ्रीबीएसडीतला मूळ आरई ड्रायव्हर बिल पॉलनं लिहिला तो ८१३९ सी प्लस आणि गिगाबिटच्या चिपांसाठी, ८१२५ आतून वेगळीच आहे, जुन्या कोडात नंबर घालून ती चालत नाही.

इथं तू म्हणणार, लिनक्सला ५.४ पासून आर८१६९ ड्रायव्हरमध्येच हे आलंय, २०१९ ला. होय रे, आलंय. आणि फ्रीबीएसडीच्या भावंडाला, ओपनबीएसडीला, केव्हिन लो यांनी आरजीई म्हणून नवीनच ड्रायव्हर लिहिला, तो ६.७ मध्ये आला, २०२० ला. हे दोन्ही मला माहीत आहे. पण काकांच्या कारखान्यात मी नसताना मोन्याला आणि त्या डिप्लोमाच्या पोरीला वेब पेजवरनं नियम बघता आले पाहिजेत, आणि ते पीएफचे, म्हणजे फ्रीबीएसडीतल्या फायरवॉलचे, नियम वरनं खाली वाचले की कुणालाही कळतात, तुझ्या लिनक्सच्या त्या आयपीटेबल्सच्या जंगलासारखं नाही. (एनएफटेबल्स म्हणशील आता. असू दे.) त्या आरपीडी कॉर्नरच्या चहावाल्याकडचं आपलं भांडण आठवतंय न? तू ग्लास आपटून गेलास आणि बिल मी दिलं. ते पैसे अजून यायचेत.

रिअलटेकनं फ्रीबीएसडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर दिलेला आहे, सोर्ससकट. तो पोर्ट्समध्ये, म्हणजे फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहात, रिअलटेक-आरई-केमॉड नावानं मिळतो, पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ह्या फ्रीबीएसडीवरच्या दोन्ही मोठ्या फायरवॉलना पॅकेज करून मिळतो. फक्त तो मूळ सिस्टिमच्या आत नाही, बाहेरनं लावायचा. आता गंमत बघ, पॅकेज उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ते पॅकेज पाहिजे. मी कपाटातला यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर काढला, तो यूआरई ड्रायव्हरनं लगेच उभा राहिला, त्यावरनं बाहेरचं नेट दिलं, पॅकेज घातलं, लोडरच्या फायलीत दोन ओळी घातल्या, एक मॉड्यूल लोड कर म्हणून आणि एक ते कुठल्या फायलीतनं घे म्हणून, आणि रीबूट. आरई झिरो ते आरई थ्री, चारही. हार्डवेअर चेकसम आणि टीएसओ-एलआरओ, म्हणजे कार्डावर ढकललेली पॅकेटांची कामं, बंद केले, वेग मोजणारा आयपर्फ लावला, २.३५ गिगाबिट! अडीच गिगाच्या लाइनवर हेडर वगैरे वजा जाता एवढंच येतं, म्हणजे पूर्ण. सुन्या, त्या वेळी तू पाहिजे होतास. क्याडची पोरं नुसती ‘फास्ट झालं सर’ म्हणाली आणि कामाला लागली, मला मात्र कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली.

मग महिनोन्‌महिने काही झालं नाही. आणि परवा मोन्यानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अपडेटचं बटण दाबलं.

ह्या वेळचं अपडेट म्हणजे खालचं फ्रीबीएसडीच एका मोठ्या अंकानं पुढं गेलेलं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवीन, ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेलं. स्क्रीनवर सरळ लिहून आलं, केएलडी आयएफ आरई, डिपेंड्स ऑन कर्नल, व्हर्जन मिसमॅच. मॉड्यूल लोड झालं नाही, मूळ आरई ८१२५ ओळखत नाही, चारही पोर्ट गायब, आणि फायरवॉल कन्सोलवर विचारतोय इंटरफेस कुठले देऊ म्हणून. इकडं फाटकात होसूरला जाणारी गाडी भरून उभी, ई-वे बिल निघेना. काका कसे बोलतात तुला माहीतच आहे. मी शहापुरातनं येईपर्यंत तिसऱ्या गेटला रेल्वे. आल्यावर दुरुस्तीला काहीच वेळ लागला नाही बघ, डिस्कवर झेडएफएस होतं, लोडरच्या मेनूतनं जुनं बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे अपडेटच्या आधीची सिस्टिमची राखलेली प्रत, निवडलं, जुना कर्नल जुन्या मॉड्यूलसकट उठला, बिल निघालं, गाडी गेली. दुसरं कुठलं यंत्र कारखान्यात असं कालच्या दिवसात परत जाऊन उभं राहतंय सांग. पण काकांना ते दिसलं नाही, काकांना गाडी दिसली.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. "फुकटातलं आहे म्हणूनच हे होतंय," म्हणाले. मी म्हटलं काका, तसं नाही. कास्टिंग कितीही उत्तम असू दे, त्याला धरणारं फिक्श्चर नसेल तर जॉब मशीनवर चढतो काय? ड्रायव्हर म्हणजे फिक्श्चर. चिप बदलली की फिक्श्चर नवीन, आणि टेबल बदललं की जुनं फिक्श्चर त्या टी-स्लॉटला बसत नाही, परवा टेबल बदललं. हे त्यांना पटलं. अगदी पटलं, मान हलवली. आणि मग विचारलं, "मग त्या फिक्श्चर करणाऱ्याला पैसे कोण देतंय?"

सुन्या, त्या प्रश्नानं माझी झोप गेलीय. खरंच सांगतो. आपण इतकी वर्षं वापरालोय आणि मी हे असं कधी समोर मांडून बघितलं नव्हतं. इंटेलच्या आयजीसी ड्रायव्हरमागं इंटेलचा स्वतःचा कोड आहे, तिथं पगारी माणसं आहेत. पीएफसेन्सवाली नेटगेट आणि ओपीएनसेन्सवाली डेसिसो ह्या कंपन्या आपापले डबे विकतात, त्यातनं त्यांच्या माणसांचे पगार निघतात आणि त्यातलं काम परत सगळ्यांना मिळतं. पण बाकीचं? जिथं कुणाचा डबा विकला जाणार नाही अशा चिपसाठी कोण बसतंय? कुणीतरी एकटा, आपली नोकरी करून, रात्री. अक्वांटियाचं नेटवर्क कार्ड घे, ती कंपनी २०१९ ला मार्वेलनं घेतली, फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर पोर्ट्समध्ये बाहेर लटकलेला राहिला. एम झिरो एन झिरो वॉल आठवतो तुला, आपला पहिला फायरवॉल, सीडीवरचा? तो लिहिणाऱ्या मॅन्युएल कॅस्परनं तो २०१५ ला बंद केला आणि लोकांना ओपीएनसेन्सकडं जा म्हणून सांगितलं. त्याच्यातनंच २००४ ला पीएफसेन्स निघालेलं. एका माणसाचं काम, आणि त्यावर जगभरचे कारखाने, शाळा, दवाखाने. मी काकांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे माझी गाडी त्या माणसाच्या मर्जीवर." मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. सील केलेल्या डब्यातही कुणाच्या तरी मर्जीवरच आहे की, फक्त तिथं तो माणूस दिसत नाही, आणि रिन्यूअल थांबलं तर आपल्याला कालच्या दिवसात परत जायची सोय नाही, आणि आत कुठली चिप आहे ते पीसीआयकॉन्फ मारून बघायची तर अजिबातच नाही. आपल्याला निदान कळलं तरी काय मोडलं ते, त्याच संध्याकाळी कळलं. तुला पटतंय न हे? का मीच प्रेमात पडून बोलालोय?

आणि अजून एक आहे, ते काकांना सांगून उपयोग नाही, तुलाच सांगतो. त्या डब्यातले नियम. सगळे एका एक्सएमएल फायलीत, पहिल्या पीसीपासनं आत्तापर्यंत तीच फाइल पुढं आणलेली. प्रत्येक नियमासमोर वर्णनाची जागा असते न, तिथं अजून तुझी वाक्यं आहेत. ‘जुना व्हीएमसी, एक्सपीवर आहे, ह्याला बाहेर सोडलं तर माझ्याशी गाठ आहे.’ ‘तात्यांना रविवारी मॅच बघू द्यावी.’ तात्या जाऊन किती वर्षं झाली, तो नियम मी काढलेला नाही, कुणी काढू पण देत नाही. कोटवाल्याला विचारलं हे नियम येतील काय तुमच्यात, तो म्हणाला आम्ही नवीन लिहून देऊ, स्वच्छ. स्वच्छ म्हणे! त्या जुन्या विंडोज एक्सपीवाल्या व्हीएमसी मशीनला कुठलं पोर्ट लागतं हे शोधायला आपण दोघं मशीनपाशी रात्रभर बसलो होतो, ते त्याला कुणी सांगायचं?

तुझ्या नव्या फ्लॅटचे फोटो बघितले, गॅलरी छान आहे. चिंगीला कन्नडमध्ये पहिलं बक्षीस मिळालं हे वहिनींनी आईला सांगितलं, आईनं सगळ्या गल्लीत सांगितलं. तुझी नोकरी बदलणार होती तिचं काय झालं ते कळव.

आता काम. काकांकडनं मी खंडेनवमीपर्यंतची मुदत घेतलीय. माझं ठरलंय, मुख्य डब्यात ज्याचा ड्रायव्हर मूळ सिस्टिमच्या आत आहे असंच कार्ड घालायचं, म्हणजे कर्नलबरोबर ड्रायव्हरही तिथंच बांधला जातो, मोन्यानं बटण दाबलं तरी. जुन्या टॉवरला स्लॉट आहे, तोच परत उभा करतो. मोन्याचा डबा राखीव राहील, बाहेरचं मॉड्यूल लावून, आणि अपडेट आधी त्याच्यावर करून बघायचं. इथं सगळीकडं विचारलं, एक गिगाचीच कार्डं मिळतात.

तर तू बेंगळूरच्या एसपी रोडला जा. दोन पोर्टचं इंटेलच्या आय२२६ व्ही चिपचं कार्ड पाहिजे. आय२२५ कुणी स्वस्तात दिलं तर घेऊ नको, त्या चिपच्या सुरुवातीच्या स्टेपिंगना, म्हणजे आवृत्त्यांना, अडीच गिगावर पॅकेटांमधल्या अंतराची भानगड होती, बी३ मध्ये सुधारली, पण हीटसिंकखाली कुठलं आहे ते दुकानात कोण बघू देणार. टॉवरचा स्लॉट जुना आहे, पीसीआय एक्सप्रेस दोनचा, त्यामुळं एक लेनचं, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेचं, कार्ड घेतलंस तर दोन्ही पोर्ट एकदम भरले की कमी पडेल, एका लेनला प्रत्यक्षात चार गिगाबिटच मिळतात. चार लेनचं बघ. दुकानात तुझा तो लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून आयडी बघूनच पैसे दे, ८०८६ आणि १२५सी आलं पाहिजे. १५एफ३ दिसलं तर ते आय२२५ आहे, परत ठेव. ह्या एका कामापुरतं तुझं लिनक्स मला मान्य आहे. आणि हो, घरी परत निघण्याआधी पुठ्ठ्याचा खोका बघ, ब्रॅकेट लांब आणि आखूड दोन्ही पाहिजेत.

पार्सल करू नको. दसऱ्याला तू येणारच असशील तर हातातनंच आण, चन्नम्मा एक्सप्रेसनं ये, सकाळी स्टेशनवर येतो. नसशील येणार तरी ये. काका माझं ऐकतात ते पगार देतात म्हणून, तुझं ऐकतात ते तू त्यांच्या मांडीवर वाढलास म्हणून. नवमीला मशीनची पूजा झाली की लगेच केबिनमध्ये बसू, तू तो फिक्श्चरवाला प्रश्न घे, मी गाडीचं बघतो. काकांना पैसे कोण देतंय ह्याचं उत्तर पाहिजे असेल तर मी एक ठरवून ठेवलंय, कोटेशनच्या रकमेतला थोडा भाग दर वर्षी फ्रीबीएसडी फाउंडेशनला द्यायचा, कारखान्याच्या नावानं, रीतसर पावतीसकट. हे तू बोल. तुझ्या तोंडनं आलं तर होय म्हणतील.

तिकीट काढलंस की कळव. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
बाळ्या