नावं न कळलेल्या माणसांचे आभार

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पुरातून आम्हाला बाहेर काढणाऱ्या निपाणी भागातल्या पोरांनो, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

पाणी ओसरलं, पण पत्र्यावर पाऊस वाजला की आईची छाती धडधडायची, झोप उडायची. कुणी देवऋषी सुचवला. आशाताईंनी मात्र नीट समजावलं: महिना उलटूनही आठवणी अशा अंगावर येत असतील तर तो पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक आजार, असू शकतो, मनाला धोका अजून समोरच आहे असं वाटत राहतं, आणि उपचारांनी माणूस सावरतो. बेळगावच्या समुपदेशक बाईंनी आईला तिच्या मराठीत, तिच्या गतीनं बोलू दिलं. हे फार मोलाचं होतं. एसटीत ती घाबरली तेव्हा हात धरून बसलेल्या कन्नड अक्का, तुम्हालाही मनापासून धन्यवाद.

कुणाला असा त्रास असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.