वहिनी, तिसऱ्या खुर्चीबद्दल आभार

वहिनी, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात कोथरूडला तुमच्याकडे चहाला आलो होतो. तुमच्या भाचीने विचारलं, ‘हेच का ते विमानवाले काका, ज्यांची नोकरी तू वाचवलीस?’ तुम्ही हात झटकलात. म्हणालात, ‘मी कसली वाचवतेय! दोन कागद वाचून दाखवले, इतकंच.’ मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तोंडात बाकरवडी होती. पण गेले चार आठवडे ते वाक्य मला टोचतंय. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. तुम्ही रागावाल, रागवा.

साल २००७. शिकागोच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम, बाहेर पार्किंगमध्ये गुडघाभर बर्फ. सप्टेंबरात मला साठ पूर्ण होणार होती, म्हणजे नियमाने निवृत्ती, आणि मी जो भेटेल त्याला नाशिकच्या फ्लॅटबद्दल सांगत सुटलो होतो. बावीस वर्षं मालवाहू विमानं चालवली, आता बस. खरं म्हणजे आतून पोखरलो होतो, पण ते कोण सांगणार. तुम्ही वाण वाटत आलात, माझं ऐकलंत आणि विचारलंत, ‘भाऊजी, तुमच्या विमानात तिसरी खुर्ची अजून आहे ना?’

मला वाटलं, बाईंना विमानाची हौस दिसते. मी कौतुकाने सांगू लागलो. आमचं ७४७-२०० जुनं, म्हणून कॉकपिटमध्ये तीन माणसं. पुढे डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर आणि मागे आडव्या बाजूने बसलेला फ्लाइट इंजिनिअर. त्याच्यासमोर भिंतभर घड्याळं: इंधन, वीज, हायड्रॉलिक, केबिनमधला हवेचा दाब. तुम्ही मध्येच तोडलंत. ‘ते असू दे. त्या खुर्चीला साठीचा नियम लागू नाही, हे ठाऊक आहे ना?’

ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःला लावून बघणं वेगळं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. अमेरिकेत विमान कंपनीच्या वैमानिकाने साठीला उतरायचं, हा नियम डिसेंबर १९५९मध्ये निघाला आणि १५ मार्च १९६०पासून लागू झाला. काढला तो फेडरल एव्हिएशन एजन्सीचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांनी. त्याआधी अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी त्यांना पत्र लिहून तशी मागणी केली होती. वैमानिकांना साठीला घरी पाठवण्यावरून त्यांचं आपल्याच वैमानिकांशी भांडण चालू होतं. पुढे १९६१मध्ये क्वेसाडा त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. यावर मी काही बोलत नाही, वाचणारे सुज्ञ आहेत. नियम होता विमानाचं सुकाणू ज्यांच्या हातात त्यांच्यापुरता, म्हणजे पुढच्या दोन खुर्च्यांना. मागच्या तिसऱ्या खुर्चीला नाही.

मग १९६७ साली वयावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा आला. चाळीशीपुढच्या माणसाला केवळ वयासाठी नारळ द्यायचा नाही. मी तुम्हाला भाबडेपणाने विचारलं होतं, ‘मग साठीचा नियम चालतो कसा?’ तुम्ही म्हणालात, ‘कायद्याने कंपनीचे हात बांधलेत, सरकारचे नाहीत. सरकारने सुरक्षेचं कारण सांगून नियम केला की कंपनी म्हणते, आमचा नाइलाज आहे. पण जिथे सरकारचा नियम संपतो, तिथून कंपनीचा नाइलाजही संपतो.’ शेवटचं वाक्य मी घरी येऊन दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलं होतं.

तुम्ही मात्र दर दोन वाक्यांनी बजावत होतात, ‘मी वकील नाही हं, सल्ला देत नाही, फक्त वाचून दाखवतेय.’ कामगार खटल्यांच्या वकिलाच्या ऑफिसात तेवीस वर्षं कागद तयार केलेली बाई होतात तुम्ही. १९८५ साली नव्या असताना एका निकालाच्या प्रती काढून सगळ्यांना वाटायचं काम तुमच्याकडे आलं होतं, आणि कॉपी मशीनपाशी उभ्या उभ्या तुम्ही तो आख्खा वाचून काढला होता. आजोबा मोडी वाचायचे, म्हणून अवघड कागदाची भीती वाटत नाही, असं तुमचं म्हणणं.

तो निकाल होता ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स विरुद्ध थर्स्टन. ८ जानेवारी १९८५, सर्वोच्च न्यायालय, एकमताने. तीन कॅप्टनांची गोष्ट. त्या कंपनीत एखादा कॅप्टन वैद्यकीय तपासणीत नापास झाला किंवा त्याची जागा कमी झाली, तर तो सरळ मागच्या खुर्चीवर सरकायचा, तिथल्या कनिष्ठाला उठवून. पण साठीला पोचलेल्या कॅप्टनाला ती मुभा नव्हती. त्याने वेळेआधी अर्ज करायचा, आणि जागा रिकामी निघालीच तर मिळायची. नाही निघाली तर घरी. न्यायालय म्हणालं, तब्येत बिघडलेल्याला जी सवलत देता ती केवळ वय झालेल्याला नाकारता, हाच भेदभाव. कंपनीने जाणूनबुजून केलं असं मात्र ठरलं नाही, त्यामुळे दुप्पट भरपाईतून ती सुटली. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न एअरलाइन्स विरुद्ध क्रिसवेल आला. तिथे कंपनी फ्लाइट इंजिनिअरलाही साठीला काढत होती. तेही न्यायालयाने चालू दिलं नाही.

हे सगळं तुम्ही मला आमच्या जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने रेघा मारत समजावलंत. हिने तेव्हा थालीपिठं लावली होती आणि तुमच्या पुढ्यातलं गार होऊन गेलं, हे तिला अजून आठवतं.

मी अर्ज केला. आमच्या कंपनीच्या क्रू ऑफिसातून उत्तर आलं की खुर्ची बदलायच्या बिडची, म्हणजे अर्जांच्या फेरीची, मुदत डिसेंबरात संपली, पुढची फेरी येईल तेव्हा तुम्हाला साठ झालेली असतील, तेव्हा निवृत्तीचे कागद सोबत जोडले आहेत. कंपनीचं नाव घेत नाही. तिने मला पोटाला दिलं. मी कागद सही करून टाकणार होतो. तुम्ही आमचा करार मागितलात, दोनशेच्या वर पानं, आणि रविवारच्या एका दुपारी त्यातलं कलम काढलंत: वैद्यकीय कारणाने पुढची खुर्ची गेली तर मुदत असो नसो, मागची मिळते. मग दोन परिच्छेदांचं पत्र. ना धमकी, ना विशेषणं. पहिल्या परिच्छेदात आमचं कलम, दुसऱ्यात थर्स्टन. तुमच्या साहेबांकडून ते तपासून घेतलंत आणि माझ्या सहीने पाठवायला लावलंत. तीन आठवड्यांत उत्तर आलं, एका ओळीचं. खुर्ची मिळाली.

पगार निम्म्याच्या आसपास आला. इथे माझं तुमच्याशी भांडण झालं होतं, आठवतं? मी म्हणालो, बावीस वर्षं डावीकडे बसलेला माणूस माझ्याच शिकाऊ पोरामागे आडवा बसून इंधनाचे काटे बघणार, तेही अर्ध्या पैशांत? त्यापेक्षा नाशिक काय वाईट! तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, ‘पगाराकडे बघू नका. सिनिऑरिटीचा नंबर सोडू नका. नियम बदलणार आहे. बदलेल त्या दिवशी जे बाहेर असतील त्यांना कुणी परत बोलावणार नाही. तुम्ही आत असायला हवं.’

बदलाची चाहूल होतीच. नोव्हेंबर २००६मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मर्यादा ६५ केली होती. त्यामुळे गंमत अशी झाली की दुसऱ्या देशाचा ६२ वर्षांचा कॅप्टन शिकागोच्या ओहेअर विमानतळावर विमान उतरवू शके, आणि अमेरिकन कंपनीचा साठीचा कॅप्टन धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून ते बघे. जानेवारी २००७मध्ये अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याच्या प्रमुख मॅरियन ब्लेकी यांनी आपणही ६५ करू म्हणून जाहीर केलं, पण नियम बनायला दीड-दोन वर्षं लागतील असंही सांगितलं. आमची वैमानिकांची मोठी संघटना वर्षानुवर्षं विरोधात होती, तीही मे महिन्यात फिरली. तरी दीड-दोन वर्षं म्हणजे मला उशीरच होता. मी वैतागून, पण तुमचं ऐकून, मागे बसलो.

सप्टेंबरात घरी साठीशांत झाली. आलेल्या प्रत्येकाने विचारलं, ‘मग, रिटायर?’ मी म्हणायचो, ‘नाही, मागे सरकलो.’ कुणाला कळायचं नाही. अँकरेजच्या थंडीत विमानाभोवती टॉर्च घेऊन फिरताना, टायर बघताना, मलाही नीट कळत नव्हतं.

आणि मग संसदेने सगळ्यांना मागे टाकलं. दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात न पडता विधेयक दोन दिवसांत मंजूर झालं आणि १३ डिसेंबर २००७ला अध्यक्ष बुश यांची सही झाली. मर्यादा ६५. त्या रात्री तुमचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, अभिनंदन नाही. तुम्ही कलम वाचून दाखवलंत: आजच्या आधी ज्यांना साठ झाली, त्यांना वैमानिक म्हणून परत यायचे दोनच मार्ग. एक तर आजच्या तारखेला ते त्याच कंपनीत, विमानाच्या कॉकपिटमधले आवश्यक कर्मचारी म्हणून नोकरीत असले पाहिजेत. नाहीतर नव्याने भरती व्हायचं, आधीची सिनिऑरिटी आणि सेवेवर ठरणारे लाभ, सगळं शून्य धरून.

‘आवश्यक कर्मचारी,’ तुम्ही परत म्हणालात. ‘भाऊजी, तुमची तिसरी खुर्ची.’

पुढच्या वसंतात सिम्युलेटरमधून निघून मी परत डावीकडे बसलो आणि सप्टेंबर २०१२पर्यंत बसलो. पूर्ण दराने. मुलीचं वैद्यकीय शिक्षण त्या साडेचार वर्षांत झालं. हा हिशेब मी तुम्हाला कधी सांगितला नाही, कारण तुम्ही फी म्हणून एक सेंटही घेतला नव्हता आणि आकडा सांगितला असता तर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं.

आता तुमच्याकडे मी आणलेल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल. माझा जुना सहकारी, प्रवासी कंपनीत गेलेला. त्याच्या विमानात तिसरी खुर्ची नव्हती, दोघांचंच कॉकपिट. नोव्हेंबरच्या शेवटी त्याला साठ झाली, दोन आठवड्यांनी कायदा आला. त्याला मार्ग होता तो एकच: पहिल्या वर्षाच्या पगारावर, यादीच्या तळाशी. त्याच्या कंपनीची पेन्शन योजना आधीच बुडून सरकारी हमी महामंडळाकडे गेली होती, आणि तिथे आणखी एक खोच. २००५मध्ये बंद पडलेल्या योजनेसाठी ६५व्या वर्षी घेणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त सुमारे ४५,६१४ डॉलरची हमी, पण साठीला घेणाऱ्याला सुमारे २९,६४९ डॉलर, कारण तो ‘लवकर’ निवृत्त झाला. एका सरकारी खात्याने उतरवायचं आणि दुसऱ्याने लवकर का उतरलास म्हणून कापायचं. त्याला खटला लढायचा होता. मीच त्याला तुमच्याकडे आणलं. तुम्ही त्याला दोन तास बसवून पुढचं कलम दाखवलंत, ज्यात या कायद्याप्रमाणे वागणाऱ्या कंपन्यांना आणि संघटनांना दाव्यांपासून संरक्षण दिलं होतं. ‘घर गहाण टाकून लढू नका,’ म्हणालात. तो चिडून निघून गेला. २०१३मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तसल्या वैमानिकांचा दावा फेटाळला, तेव्हा त्याने मला फोन करून एवढंच विचारलं, ‘त्या बाई कशा आहेत?’ त्याचं घर शाबूत आहे, वहिनी. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

एक कबुली. माझ्यामागे रांगेत असलेल्या पोरांना माझं परत येणं आवडलं नव्हतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कॅप्टन पाच वर्षं जास्त बसला की फर्स्ट ऑफिसरची बढती तितकी पुढे जाते. त्यात २००८ची मंदी आली. कॉफीच्या मशीनपाशी मी आलो की बोलणं थांबायचं. परदेशी फेरीला दोघांतला एक तरी साठीच्या आतला लागायचा, म्हणून कधी एखादी अख्खी फेरी बदलावी लागे, की मग नजरा बघाव्यात. मी हे तुमच्यापाशी बोललो तेव्हा तुम्ही माझी समजूत काढली नाही. ‘त्यांचं नुकसान खरं आहे,’ म्हणालात आणि विषय बदललात. त्याबद्दलही आभार. बाकी सगळे मला ‘तुमचा हक्कच होता’ म्हणून थोपटत होते.

२०२४मध्ये मर्यादा ६७ करायची बोलणी झाली, झाली नाही, ६५च राहिली. तेव्हा एका मराठी मुलाचा फोन आला, चौसष्टचा आहे म्हणे, काका काय करू. (चौसष्टचा मुलगा! माझं वय बघा.) मी त्याला विचारलं, करार वाचलास का? तो म्हणाला, संघटनेच्या माणसाने सांगितलं ते ऐकलं. मी त्याला तुमचा नंबर देणार होतो, पण तुम्ही आता पुण्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून त्याला घरी बोलावलं आणि करार टेबलावर ठेवून मीच पेन्सिल घेतली. हिने थालीपिठं लावली. तीन तास गेले, मला निम्मं कळलं नाही. पण ‘मी वकील नाही हं’ हे मी चार वेळा म्हणालो.

तुमची ती थर्स्टनची प्रत माझ्याकडेच राहिली आहे. कडा पिवळ्या पडल्यात, एका पानावर तुपाचा डाग आहे. परत पाठवू का, एवढं कळवा. रविवारी तुमच्या सकाळी फोन करतो.

तुमचा,
भाऊजी