कार्यकारी निर्माती म्हणजे सहायिका नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकन निर्माती सुझान डी पास यांच्यावर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. मराठी वृत्तपत्रात हे नाव सहसा दिसत नाही. पण मायकेल जॅक्सनच्या मूनवॉक या नृत्यचालीवरून दिलेलं 'मूनवॉकमागची सहायिका' हे शीर्षक मुळातच चूक आहे, आणि ती चूक लेखभर पसरली आहे.

1968 साली त्या मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत आल्या तेव्हा तिचे संस्थापक बेरी गॉर्डी यांच्या क्रिएटिव्ह असिस्टंट होत्या, हे खरं. लेखकाने ते पद धरलं आणि पुढची वीस वर्षं गॉर्डींच्या खात्यात टाकली. 1983च्या 'मोटाउन 25' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाबद्दल लिहिलंय, 'कार्यकारी निर्माती या नात्याने त्यांनी व्यवस्था पाहिली.' आपल्याकडे मालिकेच्या सेटवरचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, कलाकारांच्या तारखा, शिफ्ट आणि रोजचा खर्च बघतो. अमेरिकन टेलिव्हिजनमध्ये, विशेषतः जिथे निर्मितिसंस्थाच त्या व्यक्तीच्या हाताखाली असते तिथे, एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर ही सगळ्यांत वरची खुर्ची. कार्यक्रम कोणता, त्यात कोण, वाहिनीशी बोलणी कशी, हे तिथे ठरतं. डी पास तेव्हा मोटाउन प्रॉडक्शन्स या मोटाउनच्याच निर्मितिसंस्थेच्या प्रमुख होत्या. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं आणि मालकिणीच्या जागी कारकून बसवला.

त्या कार्यक्रमात अवघड काय होतं, तेही लेखात नाही. ध्वनिचित्रमुद्रण 25 मार्च 1983 रोजी पासाडीनाच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये झालं, प्रक्षेपण 16 मेला एनबीसी वाहिनीवर. कंपनीची पंचविशी साजरी करायची, आणि ज्यांच्यामुळे ती साजरी करावी त्यांतल्या अनेकांनी वेगळी चूल मांडलेली. गायक मायकेल जॅक्सन एपिककडे, मार्विन गे कोलंबियाकडे, गायिका डायना रॉस आरसीएकडे, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्ड कंपन्यांकडे. कलाकार एका कंपनीशी करारबद्ध असला की दुसरीकडे गाण्यासाठी त्या कंपनीशी बोलावं लागतं. शिवाय प्रत्येक गाण्याचे हक्क दुहेरी असतात, रचनेचे वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे. मायकेलने त्या रात्री गायलेल्या 'बिली जीन'ची रचना त्याचीच, ध्वनिमुद्रण एपिकचं, आणि मंचावर वाजलं ते मुद्रितच. म्हणजे मोटाउनच्या समारंभात मोटाउनचा काडीचाही हक्क नसलेलं गाणं. भावांबरोबर गाईन, पण मग हे एकट्याने करीन, ही मायकेलची अट गॉर्डींनी मान्य केली. ते श्रेय त्यांचंच. मात्र दुरावलेल्या माणसांना एका रात्रीसाठी एका मंचावर आणायचं, त्यांचा क्रम लावायचा आणि एक जण फिरला तर मेडली (सलग जोडलेल्या गाण्यांची माळ) कोसळणार नाही असं बघायचं, ही सगळी जबाबदारी निर्मातीची. त्या कार्यक्रमाला एमी हा अमेरिकन टेलिव्हिजनचा पुरस्कार मिळाला. 'बिली जीन'वरचा मूनवॉक त्यातले मोजके सेकंद होते.

जॅक्सन फाइव्हचा, म्हणजे मायकेल आणि त्याच्या भावांच्या चमूचा, शोध डायना रॉस यांनी लावला, हेही पुन्हा छापलंत. ती मोटाउनने प्रसिद्धीसाठी रचलेली गोष्ट, पहिल्या अल्बमच्या नावातसुद्धा रॉस घातल्या होत्या. मुलांना शिकागोच्या रीगल थिएटरात हेरून 1968 मध्ये डेट्रॉइटला, मोटाउनच्या गावी, आणलं मोटाउनचे गायक बॉबी टेलर यांनी. गॉर्डींकडे त्यांच्यासाठी आग्रह धरला डी पास यांनी, आणि नंतर कपडे, गाण्यांचा क्रम, मंचावरचा वावर या सगळ्याची तालीमही त्यांनीच करून घेतली. 1972च्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज' या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना दोन सहलेखकांसह ऑस्करचं नामांकन होतं. ते तुमच्या लेखात एका कंसात आहे!

सगळ्यांत खटकलं ते 'लोन्सम डव्ह'बद्दल एक ओळही नसणं. लॅरी मॅकमर्ट्री यांची ही कादंबरी 1985 मध्ये आली. वेस्टर्नचा, म्हणजे गुराख्यांच्या कथांचा, बाजार तेव्हा बसलेला होता, चित्रपटवाल्यांना ती नको होती. डी पास यांनी 50 हजार डॉलरमध्ये हक्क घेतले. 1986 मध्ये कादंबरीला पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. त्यानंतर हक्क मागायला गेल्या असत्या तर किंमत कुठे गेली असती, हे प्रकाशन व्यवसायातल्या कुणालाही विचारा. 1988 मध्ये गॉर्डींनी रेकॉर्ड कंपनी 6 कोटी 10 लाख डॉलरला विकली, निर्मितिसंस्था मात्र ठेवली, आणि फेब्रुवारी 1989 मध्ये सीबीएस वाहिनीवर सलग चार रात्री कादंबरीवरची ही मालिका दाखवली गेली. त्यात अभिनेते रॉबर्ट डुव्हॉल, टॉमी ली जोन्स. अठरा एमी नामांकनं. हार्लेममध्ये वाढलेली, संगीत कंपनीतून आलेली कृष्णवर्णीय बाई टेक्सासच्या गुराख्यांची महागाथा उभी करते, हीच खरी बातमी होती. तुम्ही तिला मूनवॉकच्या मागे उभं केलंत.

याच पुरवणीत आपल्या गाण्यांच्या रिअॅलिटी शोवर पान असतं. त्यात परीक्षकांचे कपडेसुद्धा येतात; संगीत संयोजकाचं, वादकांचं, निर्मात्याचं नाव शोधून सापडत नाही. तीही सवय बदलावी.

आणि आडनाव 'डी पासे' नाही, 'डी पास'. दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, शीर्षकासह छापावी, आतल्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली